विठोजीनं केलेला रॅक

आमच्या ह्यांनी जन्मात कशावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला असेल तर शपथ. मला बघायला आले तेव्हासुद्धा, फोटोतली मुलगी हीच ना, असं माझ्या मामाला दोनदा विचारून घेतलं होतं. नाव गुंडो. जन्म बसवनगुडीतला, आणि एकतीस वर्षं बेंगळुरातल्याच एका कारखान्यात तपासनीस. बनून आलेला माल उलटासुलटा करून बघायचा आणि खोट काढायची, ह्याचाच पगार मिळायचा. तिथं ते शोभलं. घरी मात्र त्या खोडीनं माझ्या नाकी नऊ आले. न्हाव्याशी बोलणं बंद, का तर तो आरशातून ह्यांच्या खिशाकडे बघतो म्हणे. शेजारच्या लक्ष्मीदेवीअक्का दर उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, होळीगे म्हणजे पुरणपोळ्या आणून द्यायच्या. एका वर्षी ह्यांनी वास घेऊन विचारलं, "तूप कुठलं?" त्यानंतर अक्कांचं ताट आमच्या उंबऱ्यात आलं नाही.

टिकला होता तो एकटा विठोजी. शाळेपासूनचा मित्र, सुतारकाम करायचा, दुकान दोन गल्ल्या टाकून. दर रविवारी दहाच्या ठोक्याला यायचा, कॉफी घ्यायचा, आणि दोघं बारापर्यंत जुन्या टेपवर गाणी ऐकत बसायचे. तेवढे दोन तास हे माणसांत असायचे. हसायचेसुद्धा. मी स्वयंपाकघरातून ते हसणं ऐकायची आणि मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

चौऱ्याण्णव साली हे निवृत्त झाले आणि आयुष्यभराची हौस म्हणून गाण्याचा मोठा सेट घेतला. अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर, दोन कॅसेटींचा डेक, दोन स्पीकर. आता हे सगळं ठेवायला रॅक हवा. दणकट हवा, कारण समोरून बस गेली तरी रेकॉर्डवरची सुई हलता कामा नये. आणि देखणा हवा, कारण आल्यागेल्याची पहिली नजर त्यावरच पडणार. विठोजी सहज म्हणाला, "मी करतो की रे गुंड्या. दुकानात कशाला जातोस?"

त्याची पाठ वळताच मी ह्यांना सांगितलं, "रॅक दुकानातूनच आणायचा. दुकानदारावर काय संशय घ्यायचा तो खुशाल घ्या. पण विठोजीभावजींना ह्यात ओढू नका. तुम्हाला तेवढा एकच माणूस उरलाय."

"मी कशाला संशय घेईन विठ्यावर?" हे म्हणाले. ते ऐकून तर मला जास्तच धास्ती वाटली.

मग महिनाभर दुकानं. पिशवीत पाण्याची बाटली आणि एक स्टीलचा पेला. दुकानात शिरलं की पेला काठोकाठ भरून रॅकवर ठेवायचा आणि शेजारी जमिनीवर दाणकन पाय आपटायचा. पाणी सांडलं की रॅक बाद. जयनगरच्या दुकानात काचेच्या दाराचा, चकचकीत काळा रॅक मला फार आवडला होता. ह्यांनी खाली वाकून किल्लीनं तळ खरवडला आणि भुशाची चिमूट काढून मालकाच्या तळहातावर ठेवली. "हे लाकूड?" मालक म्हणाला, "सार, आजकाल हेच चालतं, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." 'जरा चालवून घ्या' म्हटलेलं ह्यांना कसलं खपतंय, हे जे बाहेर पडले ते मागं वळलेच नाहीत. शिवाजीनगरला जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथं शिसवी रॅक होता. त्यावर बोली लावणारे तिघंही मालकाचे मेहुणे असणार, असं ह्यांनी त्यांच्या नाकांवरून ठरवलं. आता ह्याला काय म्हणावं?

शेवटी व्हायचं तेच झालं. विठोजीला होकार गेला. हे स्वतः वखारीत गेले, सागवानाच्या फळ्या एकेक ठोकून निवडल्या, आणि प्रत्येक फळीच्या टोकाला निळ्या पेन्सिलीनं 'गुं' लिहून आले. वरची बाजू रंध्यानं तासली जाते, टोकाला कोण बघतंय, असा हिशेब. मी कपाळावर हात मारून घेतला.

तीन आठवड्यांनी विठोजी दोन हमालांकडून रॅक घेऊन आला. खरं सांगते, इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात तोवर आली नव्हती. कडा गोलसर, पॉलिश मधाच्या रंगाचं, मागून तारांना आणि वाऱ्याला मोकळी जागा. ह्यांनी पेला ठेवला, पाय आपटला. पाणी हललं नाही. विठोजी हसला. मीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेवढ्यात हे टॉर्च घेऊन खाली बसले. वर बघितलं, मागं बघितलं, आडवे झाले, तळ बघितला. मधली फळी बाकीच्यांपेक्षा जरा उजळ होती. त्यावर बोट ठेवून, दार सताड उघडं असताना, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विठ्या, माझी खूण कुठंय? लाकूड बदललंस तू."

"अहो," मी म्हटलं, पण शब्द जायचा तो गेलाच होता. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. हमाल एकमेकांकडे बघायला लागले.

विठोजी रॅकपाशी बसला. पिशवीतून लाकडी हातोडा काढला, त्याखाली जुनं फडकं धरलं आणि मधल्या फळीचा सांधा चार ठोक्यांत सोडवला. खांबाच्या खाचेत बसलेलं फळीचं टोक बाहेर आलं. त्यावर निळं 'गुं', जसंच्या तसं.

"टोकं आत जातात रे," तो हळू म्हणाला. "खूण जाऊ नये म्हणून फळी बेतानं कापली होती. म्हटलं, असू दे आत. बाकीचे सांधेही उघडू?"

ह्यांनी टॉर्च बंद केला. विठोजीनं सरस लावून फळी परत बसवली, ओघळ पुसला, गुण्या लावून काटकोन तपासला. मी कॉफी आणली, ती त्यानं उभ्यानंच घेतली. मग खिशातून कागद काढून ह्यांच्यापुढे धरला.

"गुंडोराव, एवढं लिहून द्या. लाकूड ठरलेलंच आहे, तपासून घेतलं, म्हणून. खाली सही करा. गल्लीनं ऐकलंय, मला दुकान चालवायचंय."

ह्यांनी लिहून दिलं. त्यानं ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, मला नमस्कार केला आणि हमालांना घेऊन गेला. मला रडू आलं. ह्यांचा इतका राग मला उभ्या जन्मात आला नव्हता.

रविवारी ह्यांनी नव्या सेटवर रेकॉर्ड लावली. सुई जराही हलली नाही. दहाचे साडेदहा झाले, अकरा झाले. हे दर थोड्या वेळानं आवाज वाढवत होते, दोन गल्ल्या पलीकडे जावा एवढा, आणि नजर दाराकडे. बारा वाजता मीच उठले आणि दार लावून घेतलं.