वहिनींचे आल्प्स, रेल्वेच्या पासवर

अमेरिकन रेल्वेविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती नोंदवल्याशिवाय ही गाडी पुढे सरकणार नाही. तुम्ही डब्यात स्थानापन्न झालात की अटेंडंट येतो, कुठे उतरणार ते विचारतो, त्या स्टेशनची तीन अक्षरं एका चिठोऱ्यावर लिहितो आणि ते चिठोरं तुमच्या डोक्यावरच्या पट्टीत खोचून निघून जातो. उभ्या हयातीत पुण्यातल्या पोरांकडून संस्कृत धातू चालवून घेतलेला मी सभ्य गृहस्थ; माझ्या डोक्यावर पार्सलासारखी चिठ्ठी! शिवाय ती वाचून समोरून येणारा जाणारा प्रत्येक जण माझं गंतव्य जाणतो आणि मला मात्र त्याचं नावही ठाऊक नाही.

शेजारी बसलेला दादा म्हणाला, "झोप लागली तर उठवायला कुणीतरी पाहिजे ना, शास्त्रीबुवा."

तक्रार तेवढ्यापुरती मागे घेतली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. डेट्रॉइटजवळ ट्रॉय गावात राहतो, मोटारींचे गिअरबॉक्स करणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. त्या गावात राहून सुट्टीला रेल्वेनं जाणं म्हणजे हलवायाच्या घरी साखर नको म्हणण्यासारखं आहे. दादाच्या आजवरच्या सगळ्या सुट्ट्या मोटारीतल्या. पहाटे निघायचं, पेट्रोल आणि देहधर्म सोडून कुठे थांबायचं नाही, आणि परत आल्यावर किती मैल झाले ते लोकांना सांगायचं. शेजारी वहिनी मांडीवर नकाशा धरून.

त्या वहिनींच्या मनात गेली कित्येक वर्षं आल्प्स होते. स्वित्झर्लंडच्या डोंगरांतून पायी हिंडायचं, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं ते रेल्वेनंच. (जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: युरोपच्या रेल्वेचा पास बाहेरच्यांसाठी आहे, तो निघण्यापूर्वी घ्यावा.) जानेवारीत ट्रॉयच्या घरी दोन पास आले. फेब्रुवारीत मेंदूतल्या रक्तस्रावानं वहिनी गेल्या. न वापरलेले पास थोडी रक्कम कापून परत घेतात, हेही लक्षात ठेवा. दादानं दोन्ही परत केले.

मग मला पत्र आलं. ये, महिनाभर राहा. आणि येण्याआधी पंचांगात बघून कळव, आषाढ वद्य षष्ठी जुलैत कधी येते. मी तारीख कळवली, सोबत तिथी आणि अमेरिकेतलं घड्याळ यांच्या भांडणावर अर्धं पान विद्वत्ता पाजळली. त्याला ती तारीख कशाला हवी, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. येऊन पाहतो तर त्या तारखेभोवती प्रवास आखून तयार होता: मोंटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क. "अमेरिकेचे आल्प्स म्हणतात त्याला," दादा म्हणाला. "ब्रोशरमध्ये तसं छापलंय."

खर्चाचं सांगतो. परदेशी पाहुण्यांना इथल्या रेल्वेचा एक पास मिळतो. ठराविक दिवस, देशभर कुठेही चढा आणि कुठेही उतरा. विमानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. माझ्या भारतीय पासपोर्टावर तो हसत हसत मिळाला. दादानं इथलं नागरिकत्व घेतलेलं, म्हणून त्याला तो मिळेना. मोजकेच थांबे घेता येणारं दुसरं सवलतीचं तिकीट त्याला घ्यावं लागलं.

"इतकी वर्षं टॅक्स भरतोय मी," तो म्हणाला.

"म्हणूनच," मी म्हणालो.

डेट्रॉइटहून शिकागो गाठायला सकाळ जाते. शिकागोचं स्टेशन पाहायला वेळ ठेवा. देवळाच्या सभामंडपासारखा उंच हॉल, लाकडी बाकं, आणि इतकी शांतता की आपण बोललो की आपणच दचकतो. दुपारी मोठी गाडी निघते, दुमजली. सीट मागे रेलते, पायाखाली पट्टी उघडते, त्यामुळे झोपायच्या डब्याचे जास्तीचे पैसे भरायची गरज नाही. पांघरूण मात्र घरचं न्यावं. या लोकांना उन्हाळ्यातही गाडीत हिमालय लागतो. खाणं आम्ही बरोबर नेलं होतं: दशम्या, लसणाची चटणी, आणि दादानं स्वतः केलेले मेथीचे ठेपले, ज्यांचा उपयोग गिअरबॉक्समध्येही झाला असता.

पण संध्याकाळी दादा म्हणाला की एकदा तरी डायनिंग कारमध्ये बसू. मिसिसिपी शेजारून वाहत होती, आम्ही समोरासमोर बसलो, आणि मी 'विदाऊट मीट' हा शब्दप्रयोग तीन वेगवेगळ्या स्वरांत करून चीज सँडविच मिळवलं.

दादा खिडकीबाहेर बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. टेबलाकडे बघत म्हणाला, "तिला ट्रेन का हवी होती, माहितीये? मोटारीत तू सगळा वेळ रस्त्याकडे बघतोस, म्हणायची. ट्रेनमध्ये समोर बसशील."

मी सँडविच खाली ठेवलं.

मग त्यानं दहाव्या दिवसाचं सांगितलं. मी तेव्हा पुण्यात होतो. तार पोचली तोवर सगळं उरकलं होतं. घरामागच्या अंगणात बर्फ. लाकडी ओट्यावर कागदी प्लेटमध्ये भाताचा पिंड. महाराष्ट्र मंडळातले सात-आठ जण कोट घालून काचेच्या दाराआड उभे, कावळ्याची वाट पाहत. कावळा शिवेना. गेलेल्या माणसाचं काही राहून गेलं असलं की असं होतं म्हणतात, म्हणून एकेकानं बाहेर जाऊन वहिनींना शब्द दिला. तुमच्या मीराचं लग्न आम्ही बघू. गणपतीला तुमच्याच पद्धतीचे मोदक होतील. गुलाबांची छाटणी वेळेवर करू. दादानंही, जो आयुष्यात कशावर विश्वास ठेवत नाही, सांगितलं की आल्प्सला जाऊन येतो. शेवटी एक खार आली आणि अर्धा पिंड घेऊन गेली. ती चालेल का, यावर दोन डॉक्टरांत मतभेद झाला. मग दर्भाचा कावळा करून लावावा असं ठरलं. दर्भ नव्हता, म्हणून भारतातून आणलेल्या केरसुणीच्या काड्यांचा केला.

"चालतं ना रे ते?" दादानं विचारलं.

केरसुणीला शास्त्रात आधार नाही. पण शास्त्र लिहिणाऱ्यांनी मिशिगनचा फेब्रुवारी पाहिला नव्हता. मी म्हणालो, "चालतं." आणि धीर द्यायला पुढे जोडलं की थंडीत कावळे दक्षिणेला गेले असतील.

"नाही," दादा म्हणाला. "त्या आठवड्यात रोज होते. घरापुढच्या ड्राइव्हवेवर."

दुसरा पूर्ण दिवस सपाट. नॉर्थ डकोटा, मग मोंटाना. गहू, गहू, मधेच एक धान्याचं उंच कोठार आणि पुन्हा गहू. संध्याकाळी क्षितिजावर निळी करवत उगवली आणि गाडी सरळ तिच्याकडे निघाली. ईस्ट ग्लेशियर स्टेशनासमोरच अजस्र लाकडी खांबांचं, स्विस थाटाचं हॉटेल आहे. ते बाहेरून बघावं आणि पलीकडच्या मोटेलात राहावं. दुकानात अस्वलांना पळवायच्या घंटा मिळतात. दादानं दोन घेतल्या. पुढचे दोन दिवस आम्ही जंगलात घंटा वाजवत हिंडलो, जणू अस्वलाच्या घरी आरतीला निघालोय. तळी हिरवीनिळी, पाणी जीव घेण्याइतकं गार, आणि हकलबेरी नावाच्या जांभळ्या फळाचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ चुकवू नये असा.

षष्ठीच्या सकाळी मला भाताच्या वासानं जाग आली. दादानं बाथरूमचा पंखा लावून, दार लोटून, ट्रॉयहून आणलेल्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये भात लावला होता. त्यात दही घालून त्यानं तो डब्यात भरला. तेव्हा कुठे माझ्या पंचांगी डोक्यात प्रकाश पडला. वहिनी वद्य षष्ठीलाच गेल्या होत्या.

लाल रंगाची जुनी, कापडी छताची बस लोगन पास नावाच्या खिंडीपर्यंत नेते. तिथून लाकडी पायवाटेनं चढत गेलं की खाली एक लपलेलं तळं दिसतं. जुलैतही बाजूला बर्फ, बर्फाच्या कडेला पिवळी फुलं. दादा माझ्यापुढे चालत होता, दम न लागता. वरच्या कठड्यावर एक पक्षी बसला होता, अंगानं राखाडी, पंख काळे, चोच तीक्ष्ण. तिथे पार्कच्या रेंजरची, म्हणजे रक्षकाची, टोपी घातलेली एक तरुण मुलगी होती. मी तिला पक्ष्याचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि वर म्हणाली की हा कावळ्याच्याच कुळातला.

दादानं डबा बाहेर काढला. तिथे कुणी बघत नव्हतं. ती मुलगी पाठ वळवून निघालीही होती. पण माझा भाऊ या देशात इतकी वर्षं एकदाही लाल सिग्नल न मोडता जगला आहे. त्यानं तिला हाक मारून परवानगी विचारली. बायको गेली, सहावा महिना, थोडा भात, कावळा. अगदी थोडक्यात, मीटिंगमध्ये सांगावं तसं.

तिनं टोपी काढली. "आय ॲम सो सॉरी, सर. मी नाही परवानगी देऊ शकत," असं काहीसं ती म्हणाली. माणसांच्या हातचं खायची सवय लागली की हे पक्षी आपलं अन्न आपण शोधायचं विसरतात, आणि हिवाळ्यात मरतात. हवा तेवढा वेळ बसा, कुणी उठवणार नाही, असंही म्हणाली.

मी मराठीत सुचवलं की ती वळणाआड जाईपर्यंत थांबू.

"नको," दादा म्हणाला. "तुझ्या वहिनीला चोरून नको."

आम्ही डबा मधे ठेवून बसलो. मला येत होते तेवढे मंत्र मी हळू आवाजात म्हटले. पक्षी बसून होता.

"तिचं काय राहिलं असेल रे?" दादानं विचारलं.

मला ठाऊक होतं. लग्न, मोदक, गुलाब, आल्प्स, सगळ्यांचे शब्द दिले गेले होते. काचेच्या दाराआड उभ्या असलेल्या एकाच्या बाबतीत मात्र कुणीच काही बोललं नव्हतं. 'दादाला मी बघतो, वहिनी.' एवढंच वाक्य. ते माझ्या ओठांवर आलं होतं आणि मी पुण्याला राहतो. परतीचं तिकीट बॅगेत होतं. अशा जागी खोटं बोलू नये, इतकं तरी शिकलो आहे.

"आल्प्सच," मी म्हणालो.

"हं. असेल."

पक्षी उडून समोरच्या झाडीत गेला. दादानं डबा पुढे ओढला आणि आम्ही दोघांनी तो दहीभात खाल्ला. दादानं अर्ध्याहून जास्त खाल्ला.

परतीचा प्रवास त्याच गव्हातून. स्टेशनवरून दादानं मोटार काढली, घरी आलो. मी डिकीतून बॅगा काढत होतो. दादा दाराशी गेला आणि त्यानं बेल वाजवली. खिशात किल्ली होती. पाय पुसले, चष्मा सारखा केला आणि उभा राहिला. मी बॅगा हातात घेऊन तिथेच थांबलो. थोड्या वेळानं त्यानं किल्ली काढली. "सवय," म्हणाला, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

रात्री कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून मीराचा, त्याच्या मुलीचा, फोन आला. "काका, हाऊ इज ही? रिअली?" मी म्हणालो, डोंगर माझ्यापेक्षा छान चढतो. ते खरं होतं. ती म्हणाली की नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येईन.

प्रवास करा, जरूर करा. पास घ्या, घरचं पांघरूण न्या, हकलबेरीचा पाय खा. गाडीतून उतरताना अटेंडंटनं डोक्यावरची चिठ्ठी काढून टाकली, तेव्हा मी ती मागून घेतली. आता ती माझ्या पाकिटात आहे.

गंमत बाजूला ठेवतो. माझं विमान शुक्रवारी आहे. सोमवारी संध्याकाळी दादा ऑफिसातून येईल, बेल वाजवेल आणि दाराबाहेर उभा राहील. किती वेळ, हे बघायला तिथे कुणी नसेल. मला त्याची काळजी वाटते.