जहागीरदारांचं मुसकं

घोड्यावर प्रेम करणाऱ्या माणसांचा जेलरबाईंना मनस्वी तिटकारा होता. आणि घोडेस्वारीच्या त्या शाळेत तर अशा प्रेमळांचा नुसता सुळसुळाट. एक आई गाजरं आणायची, दुसरी सफरचंदं, आणि एक आजोबा खिशातून साखरेचे खडे काढून "घे रे राजा" म्हणत स्वतःचेच डोळे पुसायचे. हे सगळं जहागीरदारांसाठी. जहागीरदार म्हणजे चोवीस वर्षांचा तांबडा घोडा. काम सोडून चार वर्षं झालेली, पोट पिंपासारखं, मानेवर चरबीची अशी वळी की वर पेला ठेवावा.

"खायला घालणं म्हणजे प्रेम, तर मग तुमचं सगळ्यात जास्त प्रेम कचराकुंडीवर असणार," बाई त्या गाजरवाल्या आईला तोंडावर म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं नाव जेलरबाई पडलं. त्यांना ते आवडलं.

तबेल्यात एकोणीस वर्षं काढलेली बाई. गेल्या वर्षी जहागीरदारांचे पुढचे खूर आतून सुजले, तेव्हा महिनाभर त्या स्वतः त्याच्या उशाशी होत्या. डॉक्टरांनी जाताना सांगितलं होतं, "खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा थर असतो, बाई. तो सुटला की हाड खाली सरकतं. चरबी आणि साखर, दोन्ही बंद. पुन्हा असं झालं तर मी औषध घेऊन येणार नाही. शेवटचं इंजेक्शन घेऊन येईन."

तेव्हापासून वाळलं गवत तासभर पाण्यात भिजायचं, साखर उतरलेलं पाणी गटारात जायचं आणि गवत काट्यावर तोलून पुढ्यात पडायचं. दर रविवारी घेर मोजायला छातीभोवती फीत. आणि कुरणात सोडायचं तर तोंडाला मुसकं: चामड्याची टोपली, तळाला बोटभर भोक, त्यातून येतील तेवढ्याच चार काड्या.

मुसकं शिवलं होतं बाईंच्या नवऱ्यानं. तबेल्यामागच्या दोन खोल्यांच्या दारात बसून त्यांनी चाळीस वर्षं खोगिरं शिवली.

"याच्यासाठी राजाला शोभतील अशी खोगिरं केली मी. आणि आता हे शिवू?"

"खोगीर पाठीवर होतं. हा खातो तोंडानं. शिवा."

फीत महिनाभर उतरत गेली आणि मग चढायला लागली. रविवारी स्वारी शिकवणाऱ्या सरांनी ती अशी आवळली की घोड्याचे डोळे बाहेर यायचे बाकी राहिले.

"सर, छाती मोजताय की फास देताय?"

"वाऱ्यानं फुगला असेल हो, बाई."

"मग दोरी बांधा आणि उडवा."

बाईंनी सगळ्यांवर पाळत ठेवली. आयांच्या पिशव्या उघडून बघितल्या, आजोबांचे खिसे उलटे केले. काही सापडलं नाही.

एका सकाळी जहागीरदार पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभा होता. बाईंनी खुरावर तळहात ठेवला. गरम. खुराच्या वर, मागच्या अंगाला नाडी चाचपली. एरवी शोधावी लागते. आज ती बोटांवर आपटत होती.

डॉक्टरांना फोन झाला. खुरांना बर्फाच्या पिशव्या बांधल्या. मग बाईंनी खुंटीवरचं मुसकं काढून उलटं केलं. भोकातून तीन बोटं आरपार गेली. घोड्यानं कुरतडलं म्हणावं, तर काठ नीट कापलेला, आत दुमडलेला, वर मेणाच्या दोऱ्यानं बारीक टीप. एकूण एक टाका सारखा.

"चोरी करायची," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "आणि तीसुद्धा काठ दुमडून!"

त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून आणलं.

"अहो, ही टीप कुणाची?"

"कच्ची कड ठेवली असती तर त्याच्या ओठाला घासली असती गं..."

"वा! ओठाची काळजी! इकडे बोटं ठेवा."

त्यांनी वाकून खुराच्या वर, नाडीवर बोटं ठेवली. "हे काय उडतंय?"

"तुमची माया."

तेवढ्यात दुखऱ्या पायांवरसुद्धा जहागीरदारानं सवयीनं त्यांच्या खिशात नाक खुपसलं.

"खिसाही?"

"गाजराचा तुकडा. लहानसाच."

"गावभर चोर शोधला मी, आणि चोराला रोज दोन वेळा वाढत होते!"

डॉक्टरांनी दोन्ही पाय तपासले, तेव्हा त्यांच्या बॅगेकडे बघायची बाईंची हिंमत झाली नाही. "अगदी सुरुवातीला धरलंत," ते म्हणाले. "बर्फ चालू ठेवा, खाली भुशाची जाड गादी. चार दिवसांनी बघू."

चार दिवस बाई नवऱ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. चार दिवस ते बर्फ बदलत राहिले, गुडघे कुरकुरत असताना. पाचव्या दिवशी जहागीरदार पायावर भार देऊन चालला. डॉक्टर म्हणाले, "या वेळेला सुटला. पुढच्या वेळेची हमी नाही."

नवरा दारात बसला, मुसक्याचा तळ उसवून नवा लावला. बाईंनी करंगळी घालून पाहिली.

"सैल आहे."

त्यांनी निमूटपणे उसवलं आणि पुन्हा शिवलं.

तेवढ्यात गाजरवाली आई फाटकातून आत आली. "बिचारा! किती वाळला हो! एकच देते."

बाईंनी तोंड उघडलं, पण आवाज दारातून आला.

"ताई," नवरा दोरा दातानं तोडत म्हणाला, "कचराकुंडी फाटकाबाहेर आहे."

बाईंनी गवताची पेंढी पाण्यात दाबून धरली आणि पाठ फिरवली. हसताना कुणी पाहिलं असतं, तर जेलरची अब्रूच गेली असती.