पाव्हण्यांचे डबे

माझे दाजी काळुराम भोईर यांना आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही, आणि या दुबळेपणाला आमच्या कोपर गावात मोठं मन म्हणतात. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर एकाच वेळी दोन पक्षांचे बॅनर लटकायचे. दोन्ही मंडपांत यांचा सत्कार व्हायचा आणि दोन्हीकडे हे शाल पांघरून हसत बसायचे. मला तेव्हापासून त्यांचा वैताग आहे.

गेल्या वर्षी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ठाण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं आणि रोजची गोळी सुरू केली. गोळी लागू पडली, रक्तातला कॅन्सरचा आकडा भराभर उतरला. आवडाबाई, म्हणजे माझी बहीण, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

मग पाव्हणे यायला लागले. आमच्यात आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कुणी जात नाही. पूर्वी नारळ, केळी, मासळी यायची. आता प्रत्येकाच्या घरात कुणीतरी काहीतरी विकतो, म्हणून डबे आले. इम्युनिटीची पावडर, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या. एका डब्यावर तर नुसतं घोड्याचं चित्र, बाकी अक्षर नाही. दाजी प्रत्येक डबा पाव्हण्यासमोर उघडायचे आणि त्याच्या देखत खायचे. बाजूला ठेवला तर त्याचा अपमान होतो म्हणे. पुढे तो फोन करून विचारणार, म्हणून रोज खायचे. कॅन्सरपेक्षा या माणसाला पाव्हण्याच्या रुसव्याची भीती जास्त.

पुढे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, "आमच्या औषधांशिवाय दुसरं काही घेता?"

"काय पन नाय," दाजी म्हणाले.

खोटं बोलायची त्यांची छातीच नाही. त्यांच्या लेखी डॉक्टरने लिहून दिलं ते औषध आणि पाव्हण्याने आणलं तो मान. डॉक्टरांनी गोळी थांबवली. ती यांना सोसतच नसेल तर कायमची बंद करावी लागेल, असंही सांगितलं.

घरी आल्यावर आवडाबाईने सगळे डबे पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन मांडले. त्यांनी लेबलं वाचली. हळदीचा आणि ग्रीन टीचा अर्क यकृताला बाधू शकतो, म्हणाले. घोड्याच्या डब्यात काय आहे, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

"हलद तं आमी रोज खातो," दाजी पुटपुटले.

"आमटीतली चिमूट वेगळी आणि ही कॅप्सूल वेगळी. हे सगळं बंद. रक्तातली कावीळ उतरली तरच गोळी पुन्हा सुरू करता येईल."

एवढं ऐकूनही माणूस शहाणा होईल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या दाजींना ओळखत नाही. रविवारी सुदेश आला. हा त्यांचा पुतण्या, घोड्याचा डबा यानेच आणलेला. आता हातात नवीन डबा. दाजींनी सवयीने चमचा मागितला. आवडाबाईने चमचा आणला, भरला आणि सुदेशच्या तोंडापुढे धरला.

"पयला तू खा."

सुदेश खुर्चीसकट मागे सरकला. "मना कनाला, काकी? त्यान काय टाकतान, कोनाला ठाव."

बोलून गेल्यावर त्याने मान खाली घातली. दाजींनी डब्याचं झाकण लावलं. मग डबा त्याच्याकडे सरकवून म्हणाले, "ने ह्यो डबा."

मला वाटलं, सापडला एकदाचा कणा. तेवढ्यात पुढचं आलंच, "पन चा पिऊन जा."

सुदेश निर्लज्जासारखा चहा प्यायला, बिस्किटं खाऊन गेला. गेट लागल्याचा आवाज आल्यावर दाजींनी हळूच बायकोला विचारलं, "तेला वाईट तं नाय ना वाटला?"

चमच्यातली पावडर आवडाबाईने मोरीत ओतली आणि वरून पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचं रक्त तपासायचं होतं.