लिलाववाल्याचा आवाज

फळबाजारात लिलाव पुकारणाऱ्याला बाकी काही नसलं तरी चालतं, आवाज मात्र लागतो. थोरलीच्या वडिलांचा असा होता की पेट्यांच्या पार पलीकडच्या टोकाला बसलेला व्यापारीही दचकून बोली वाढवायचा. सगळा बाजार त्यांना लिलाववालेच म्हणे. आणि गाठ निघाली ती नेमकी घशात. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. दैवालासुद्धा थट्टा करायला माणसं बरोबर सापडतात.

थोरली, त्यांची मोठी मुलगी, दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात उभी असायची आणि संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या क्लासमध्ये मोबाइल ॲप बनवायला शिकायची. तिशी उलटलेली, त्यामुळे वर्गातली पोरं तिला मावशी म्हणत. पहिले काही महिने सगळं डोक्यावरून जात होतं. एक कंस विसरला की पडद्यावर लाल अक्षरं, ती मिटवावीत तर आणखी चार. दुसरी एखादी सोडून घरी बसली असती, पण ही चिवट. घरी जुन्या लॅपटॉपवर तेच तेच पुन्हा टाइप करून बघायची. ऑपरेशन ठरलं तेव्हा तिला बटण दाबलं की आवाज वाजवता येईल, एवढं जमू लागलं होतं. तिच्या मनानं घेतलं की बाबांचा आवाज जाण्याआधी साठवून ठेवायचा.

खिडक्या लावून, पंखा बंद करून वडील खाटेवर बसले आणि थोरलीनं बनवलेल्या ॲपमध्ये एकेका चित्राच्या बटणापुढे बोलत गेले. पाणी. दार लावा. दुखतंय. कोण आलंय? आईला हाक मारायची ती खास हाक. थोरली म्हणाली, पुरे झालं. वडिलांना मात्र चेव चढला होता. त्यांनी स्वतःहून बोली संपवतानाचं "एकवार, दोनवार, तीनवार, सुटला!" असं पुकारून घेतलं आणि वर खोकत हसले.

ऑपरेशननंतर ते घरी आले आणि ॲप चाललं. खरंच चाललं. वडील फोनवर बोट टेकवायचे आणि त्यांच्याच आवाजात पाणी मागायचे. आई कशावरून तरी कुरकुरायला लागली की ते 'तीनवार, सुटला' दाबायचे. आई म्हणायची की बोलता येत नाही तरी शेवटचा शब्द यांचाच. क्लासच्या सरांनी सगळ्यांसमोर थोरलीची पाठ थोपटली. आपल्या हातून काहीतरी धड झालं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग वडिलांची बोटं थरथरायला लागली. पाणी दाबायला जावं तर दार लावा वाजायचं. त्यांनी खुणेनं सांगितलं, बटणं मोठी कर. काम फार नव्हतं. ज्यावरून ॲप फोनवर घातलं होतं तो घरचा लॅपटॉप तेवढ्यात बंद पडला होता, पण ॲपची प्रत क्लासच्या संगणकावर होती. थोरलीनं वडिलांचा फोन क्लासमध्ये नेला, बटणं मोठी केली आणि नवं ॲप फोनवर चढवायला घेतलं. पडद्यावर चौकट आली: जुनं ॲप काढून टाकायचं का? शिकताना दिवसातून दहादा ॲप काढायचं, पुन्हा घालायचं. ती चौकट वाचायची असते हे कुणाच्या गावीही नसतं. तिनं हो म्हटलं.

बटणं झकास मोठी झाली होती. तिनं पाणी दाबलं. काही वाजलं नाही. आवाज वाढवून दाबलं, मग एकेक करत सगळी दाबली.

सरांनी फोन उलटसुलट करून पाहिला आणि हळू आवाजात समजावलं. प्रत्येक संगणक आपल्या ॲपवर आपला शिक्का मारतो. शिक्का वेगळा दिसला की फोन जुन्यावर नवं बसू देत नाही, आधी जुनं काढायला लावतो. आणि जुनं गेलं की त्याच्या पोटात साठवलेलं सगळं जातं. आवाजांची दुसरीकडे कुठे प्रत ठेवली होती का, असं त्यांनी विचारलं. ठेवली नव्हती. कसं ठेवायचं तो धडा पुढच्या महिन्यात होता.

वडील वाटच बघत होते. फोन हातात येताच त्यांनी मोठी बटणं पाहून मान डोलावली आणि पाणी दाबलं. मग पुन्हा दाबलं. फोन कानाशी नेऊन हलवला.

"बाबा, तो बिघडलेला नाही," ती म्हणाली. "तुमचा आवाज पुसला गेला. माझ्या हातानं."

एकदा डॉक्टरांनी काढला होता, तो विचारून. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. इतक्या महिन्यांत आपल्याला आवाज नाही हे ते कधी विसरले नव्हते. तोंड तसंच उघडं राहिलं.

थोरलीनं जुने व्हिडिओ धुंडाळले. त्यांत बाजाराचा गलका, वडिलांचा एक शब्द सुटा निघेना. शेवटी तिनं स्वतःच्या आवाजात सगळं भरून दिलं. वडिलांनी मुलीच्या आवाजातलं पाणी एकदा ऐकलं, फोन तिच्या हातात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पाचव्या दिवशी आई भांडी घासता घासता, न चिडता म्हणाली, "तू हे शिकली नसतीस तर बरं झालं असतं."

शिकली नसती तर आवाज साठवलाच गेला नसता. पण हे आईला सांगायला तोंड कुठून आणायचं? थोरली अजून क्लासला जाते, कारण पैसे भरलेत आणि घरी बसवत नाही. थरथरत्या बोटांनी लिहिणंही जमत नाही, म्हणून वडिलांना काही हवं असलं की ते खाटेच्या लाकडावर हात आपटतात. आई उठून जाते आणि विचारते, पाणी? मान आडवी हलते. मग विचारते, दार? पुन्हा आडवी. कधी कधी ती विचारतच राहते आणि त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळत नाही.