म्हसोबाचा नारळ आणि माझी साक्ष

माणसाजवळ पाप नसलं की त्याची किती पंचाईत होते, ते मला विचारा. पंधराव्या वर्षी माझ्याजवळ चारचौघांत सांगण्यासारखं एकही पाप नव्हतं. त्यापायी मी जो घोळ घातला तो ऐकाल, तर हातातला चहा निवून जाईल.

लढाईचे दिवस होते. राहात्याजवळच्या एका खेड्यात आमची ख्रिस्ती आळी. आमच्यात पोरं मोठी झाली की त्यांना प्रभुभोजनाला घेतात. म्हणजे भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस मिळतो, आणि मंडळीत माणूस म्हणून गणती होते. पण त्याआधी भर देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उभं राहून साक्ष द्यायची, की मी कशी पापात लोळत होते आणि प्रभूने मला कसं बाहेर काढलं.

आता तुम्हीच सांगा, मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. उठता प्रार्थना, बसता प्रार्थना. पापाला सवड कधी मिळणार? बरं, मंडळीला पापही चांगलं ठसठशीत लागायचं. किरकोळ पापाला मंडळीचे पंच जांभया द्यायचे.

माझ्याआधी माझी मैत्रीण शांता उठली. तिने बापाची बिडी चोरून ओढल्याचं सांगितलं. झालं, पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावले. शांता रडली, चर्चचे पाद्री आमचे पाळकसाहेब रडले, ज्याची बिडी गेली तो बापही रडला. माझ्याजवळ होता फक्त आईच्या डब्यातला चोरून खाल्लेला गूळ. गुळावर कोण रडणार? आणि आई समोर नवं लुगडं नेसून बसलेली.

"सगुणा, बोल बाळ," पाळकसाहेब म्हणाले.

मी उठले आणि तोंडातून निघून गेलं, "मी सातवीची फायनल परीक्षा पास व्हावं म्हणून गावच्या म्हसोबाला नारळ बोलले होते."

मग जे रडणं सुरू झालं, त्यात शांताची बिडी पार विझून गेली. पोरगी सैतानाच्या दारातून परत आली, असं सगळे म्हणाले. येत्या रविवारी हिला प्रभुभोजनाला घ्यायचं, असं पंचांनी तिथेच ठरवलं. आई तर घरी येताना कुणाशी बोलेना, इतकी तिची मान ताठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाई दारात. दारात म्हणजे अंगणाबाहेर, लिंबाखाली. आत आल्या असत्या तर घरी जाऊन आंघोळ करावी लागली असती ना!

"सगुणे, म्हसोबाला नारळ बोलली हुतीस म्हनं?"

मी खराटा उचलून अंगण झाडायला लागले.

"आन् पास झालीस न्हवं?"

"झाले."

"मग नारळ कुठं हाय? देवाचा नवस बुडवतीस व्हय? तरीच आमची म्हस आटलीया."

संध्याकाळपर्यंत गावातली सगळी दुखणी माझ्या नावावर लागली. कुणाचा बैल लंगडला, कुलकर्ण्यांचं पोट बिघडलं. पाटलीणबाईंनी बजावलं, "लांबून फोड, पन नारळ फोड. न्हाईतर तुमच्या आळीला आमच्या मळ्यात काम न्हाई."

आता बघा माझी गत. नारळ फोडावा तर प्रभुभोजन गेलं. न फोडावा तर आळीच्या चुली बंद. आणि खरं सांगावं तर देवळात खोटी साक्ष दिलेली, म्हणजे आई मला जिवंत ठेवणार नाही. मी आठवडाभर नीट जेवले नाही.

शनिवारी पाळकसाहेब मला घेऊन पाटलांच्या वाड्यावर गेले. पाटलीणबाई ओट्यावर, आम्ही खाली.

"बाई, पोरीने पश्चात्ताप केलाय," पाळकसाहेब म्हणाले. "आता तो नवस राहिला नाही."

"व्हय का? बोलताना आमचा देव, आन् फेडताना तुमचा?"

दर रविवारी तासभर बोलणारे पाळकसाहेब नुसती टोपी हातात फिरवत उभे राहिले. त्यांचं ते तोंड मला बघवेना. मी भोकाड पसरलं आणि सांगून टाकलं, "मी नवस बोललेच नव्हते. मी म्हसोबाकडे कधी गेलेसुद्धा नाही. शांतापेक्षा मोठं पाप पाहिजे म्हणून मी खोटं सांगितलं."

पाटलीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आत्ता खोटं बोलतीया ही," त्या म्हणाल्या. "नवस न्हाई, तर मग ही पोरगी पास झालीच कशी?"

मी आशेने पाळकसाहेबांकडे पाहिलं. आमच्या शाळेत गणित तेच शिकवायचे. आता त्यांना माझं गणित आठवलं असावं. मग मला बाजूला घेऊन अगदी मायेने म्हणाले, "सगुणा, बाळ, आता घाबरू नको. खरं सांग. बोलली होतीस ना?"

काय करणार? "बोलले होते," म्हणाले.

पाटलीणबाईंनी माझ्या नावाने स्वतःच नारळ फोडला, आणि रविवारी मला प्रभुभोजनही मिळालं. माझं खोटं दोन्ही देवांच्या दारी चाललं. मी अभ्यास करून पास झाले होते, हे मात्र आजतागायत आमच्या आईलासुद्धा पटलेलं नाही.