दहा पिशव्या बर्फ

संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह लेलंड हॉगडालने मे महिन्यात उघडला, तो ऑक्टोबरपर्यंत उघडाच ठेवला. येईल ते परस्पर गटारात जाईल, आपण कशाला रोज उठून बघा, असा त्याचा विचार. पातळ होतं ते गेलंही. बाकीचं त्याच्या ट्रेलरखाली, म्हणजे चाकांवरच्या घराखाली, टाकीतच मुक्कामाला राहिलं आणि पाच महिन्यांत त्याचं टेकाड झालं.

आज रात्री तळ्याच्या काठाला बर्फ धरणार होता. भरलेली टाकी गोठली की तडकते. टाकी तडकली की एप्रिलमध्ये ट्रेलर घेऊन लेकीकडे ॲरिझोनाला जाणं रद्द. आणि हे बायकोला, जॉयसला, सांगायचं कोणी? त्यापेक्षा मिसेस क्वामेंना सांगणं सोपं, म्हणून तो त्यांच्या दारात उभा राहिला.

आर्डिस क्वामे, वय सत्त्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यापासून तळ्याकाठच्या या कॅम्पवरच्या झाडून सगळ्या ट्रेलरांच्या टाक्या थंडीपूर्वी त्याच साफ करतात. मोबदला म्हणजे एक भांडं हॉटडिश, ओव्हनमधून गरमागरम काढलेली, तेही वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे असतील तर. लेलंड आता आजोबा झालाय, पण त्यांच्या लेखी तो अजून पुढच्या सीटवरचा, गाडी लागणारा मुलगाच.

"व्हॉल्व्ह उघडा ठेवलास ना?" त्याचा चेहरा बघूनच त्यांनी विचारलं.

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"मेपासून."

"शाब्बास! तिसरीत बूट बसमध्ये विसरून मोज्यांवर घरी गेलास, तेव्हाच ओळखलं होतं मी तुला. जा, पेट्रोल पंपावरच्या दुकानातून दहा पिशव्या बर्फ आण."

व्हॉल्व्ह बंद करून त्यांनी संडासातून अर्धी टाकी पाणी ओतलं, मग साबण आणि वर बर्फ.

"बर्फ?" लेलंड हबकला. "अहो, गोठू नये म्हणून तर एवढं..."

"ड्रायव्हरशी बोलायचं नाही," म्हणत त्यांनी त्याच्या पिकअपला ट्रेलर जोडला आणि स्टिअरिंगवर बसल्या.

मग खडीच्या रस्त्यावरचा एकही खड्डा त्यांनी उपाशी ठेवला नाही. प्रत्येक वळणाला मागे टाकीत बर्फ धडाधड आपटत होता, टेकाड खरवडत होता. चौथ्या मैलाला लेलंडला गाडी लागली, तोंड हिरवं पडलं.

"खिडकी उघड. नजर लांब ठेव," बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. सत्तावन्न वर्षांपूर्वी म्हणायच्या, अगदी तसंच.

परतल्यावर पाइप जोडून त्यांनी व्हॉल्व्ह ओढला. क्षणभर काहीच नाही. लेलंडच्या डोळ्यांपुढे जॉयस उभी राहिली. मग आत काहीतरी हललं, आणि पाइप साप गिळल्यासारखा उसळत वाहू लागला. तो शांत झाल्यावर मोरीच्या पाण्याची टाकी सोडली; पाइप त्या पाण्यानेच धुऊन निघाला. शेवटी मोरीत आणि संडासात न गोठणारं गुलाबी औषध ओतून बाईंनी हातमोजे काढले.

"वाचलो!" लेलंड पायरीवर टेकला. रंग अजून हिरवाच होता, पण हसू कानापर्यंत. "मिसेस क्वामे, ही बर्फाची अक्कल तुम्हाला आली कुठून?"

"अशाच एका मूर्खाशी लग्न करून."