आक्काबाईसाठी भाजलेली माती

"तनुजाने घरात घोरपड पाळली आहे," असे चऱ्होलीच्या त्या इमारतीत लोक म्हणत. कुणी म्हणे, शेतातली पोर, फ्लॅटमध्ये आली तरी रान काही सुटेना. समोरच्या केसरबाई तर येताजाता विचारत, "काय गं, तुझी मगर जेवली का?"

ती मगर नव्हती आणि घोरपडही नव्हती. ऑस्ट्रेलियाकडच्या बिअर्डेड ड्रॅगन जातीचा तो पाळीव सरडा. बदली झालेल्या सहकाऱ्याने नोंदणीच्या कागदांसकट तनुजाच्या हवाली केलेली मादी. गळा फुगवून ती दिव्याखाली अशा तोऱ्यात बसे की तनुजाच्या नवऱ्याने, निरंजनने, तिचे नाव आक्काबाई ठेवले.

त्या उन्हाळ्यात आक्काबाईने अन्न सोडले. पोट टम्म फुगलेले, आणि दिवसभर काचेच्या पेटीचा तळ ओरबाडणे चालू. डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितले, "अंडी आहेत. नराशिवायही धरतात, फक्त फळत नाहीत. पण खणायला मिळाले नाही तर ती अडवून धरेल, आणि अंडी आत अडकली तर हिचा जीव जाईल."

निरंजन भोसरीच्या फाउंड्रीत लोखंडाच्या ओतकामासाठी वाळूचे साचे भरतो. त्याने त्याच संध्याकाळी तिथली काळी, मऊसूत वाळू पिशवीभर आणली. "याहून मऊ काय असणार, सांग." त्याच्या लेखी वाळू म्हणजे हीच. तनुजाने ती टबात ओतली. आक्काबाईने पंजे मारले मात्र, भुकटीचा लोट उठला आणि ती तोंड झटकत मागे सरली. तनुजाने तिला उचलले आणि डॉक्टरांना फोन लावला. वाळूत कोळशाची पूड आहे हे ऐकताच ते म्हणाले, "टाकून द्या ती. श्वासातून छातीत जाईल, गिळली तर आतडे बंद होईल. खत-औषध नसलेली माती घ्या, त्यात थोडी धुतलेली वाळू. ओल अशी ठेवा की बीळ ढासळणार नाही."

"वाफसा म्हणताहेत ते," फोन ठेवत तनुजा निरंजनला म्हणाली. पेरणीआधी तिचे वडील मूठ दाबून माती पाहत. गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये.

दुसऱ्याच सकाळी ती चाकणजवळच्या माहेरी गेली. कांद्याच्या वाफ्यांवर फवारणी झालेली, म्हणून तिने पडीक तुकड्यातली माती आणली. चाळून खडे काढले, आणि किडे मरावेत म्हणून जुन्या कढईत ती भाजायला घेतली. वास जिन्यात गेला.

"काय करपवलंस गं?" दारातून केसरबाईंनी विचारले.

"माती."

"व्हय? मीठ घातलंस का?"

माती निवल्यावर तनुजाने वाळू मिसळली, पाणी शिंपडले, मूठ दाबून पाहिली आणि टब खोल भरला. बोटांनी एक तिरके भोक करून दिले. मग खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. समोर कुणी असले की आक्काबाई हलत नसे.

बराच वेळ काहीच झाले नाही. मग माती उडू लागली, भिंतीवर, फरशीवर, निरंजनच्या चपलांवर. शेवटी नुसते शेपूट बाहेर राहिले. बीळ ढासळले नाही. दिवेलागणीला आक्काबाई बाहेर आली तेव्हा पोट सैल पडले होते, आणि ती स्वतःच नाकाने माती लोटून भोक बुजवत होती. पुढे ठेवलेला भोपळ्याचा कीस तिने खाल्ला.

"टब काढू का आता?" निरंजनने विचारले.

"राहू दे. आवडतं तिला खणायला."

केसरबाई पाहायला आल्या. "एवढा खटाटोप केलास, आणि अंडी म्हणे फळायची न्हाईत. मग तुला मिळालं काय?"

तनुजा भिंत पुसत होती. ती तशीच पुसत म्हणाली, "अंडी मी टाकून देणार आहे. मला आक्काबाई जिवंत हवी होती, तिची पोरं नको होती."